खोक्यावरचे वॅट आणि गाडीतली शिट्टी

या महिन्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: 'तर ताई, आता कोणतं नवीन मॉडेल घेऊ?' आवाज फाटतो, आवाज घुमतो, आवाजच येत नाही, आणि सगळ्यांवर उतारा एकच, नवा खोका. मी बरीच वर्षं सोल्डरच्या धुरात बसून लोकांची यंत्रं उघडली आहेत. त्यामुळे माझा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो आणि मग कॅटलॉगकडे. उत्तरं त्या हिशेबाने वाचावीत.

ताई, मी कॉलेजात आहे. घरच्या गाडीत नवा टचस्क्रीन स्टिरिओ बसवला, त्यावर '५० वॅट × ४' लिहिलंय. दारातले स्पीकर गाडीसोबत आलेलेच आहेत. व्हॉल्यूम थोडा वर नेला की आवाज फाटतो. मित्र म्हणतात, ३०० वॅट लिहिलेले स्पीकर टाक. टाकू का?

नको टाकूस, निदान इतक्यात नको. आधी तो पन्नासचा आकडा सोलून बघू. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात. साध्या स्टिरिओच्या पोटात व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसतं, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरला याहून जास्त व्होल्ट मिळायचे नाहीत. आता १४.४ चा वर्ग कर आणि ४ ने भाग. उत्तर येतं जवळपास ५२. सापडला खोक्यावरचा पन्नास! पण हे उत्तर खरं कधी? स्पीकरला सतत पूर्ण व्होल्टेज उलटसुलट मारत राहिलं तर. म्हणजे लाटेचा माथा आणि तळ छाटून तिचा पार चौकोन केला तर. त्याला संगीत म्हणत नाहीत. लाट गोलाईदार, न छाटलेली धरलीस तर उत्तर निम्म्यावर येतं, २६. त्यातून आतल्या चिपची तूट वजा कर, हातात उरतात वीसेक वॅट. माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत 'आरएमएस' (सतत देता येणारे वॅट) असं लिहून हाच विशीच्या आसपासचा आकडा बहुतेक वेळा कबूल केलेला असतो.

अजून विश्वास बसत नसेल तर स्टिरिओच्या पाठीमागचा फ्यूज बघ. तो १० अँपिअरचा असेल तर १४.४ गुणिले १०, म्हणजे १४४ वॅट आत जातात. त्यातून २०० वॅट सतत बाहेर काढणारं यंत्र कुणी बनवलंच तर विजेचं बिल इतिहासजमा होईल.

तर तुझ्याकडे आहेत वीस वॅट. तू ते संपवतोस, लाट छाटली जाते, आणि तुला वाटतं स्पीकर फाटला. स्पीकरवरचे ३०० वॅट म्हणजे तो किती सोसेल याचा दावा असतो. किती देईल याच्याशी त्याचा काही संबंध नाही. बदलायचाच असेल तर माहितीतली 'सेन्सिटिव्हिटी' वाच, म्हणजे तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा. ८९ डेसिबलच्या जागी ९२ डेसिबलचा स्पीकर बसवलास, तर त्याच वीस वॅटवर चाळीस वॅट दिल्यासारखा आवाज निघतो, कारण ३ डेसिबल वाढवायला वीज दुप्पट लागते. सोसायचा आकडा वाढवण्यासाठी जड शंकू (पुढचा हलणारा पडदा) लावलेले स्पीकर कित्येकदा इथे मागे पडतात, आणि मग तीनशेवाला स्पीकर मूळच्यापेक्षा हळू वाजतो. अशी निराश मंडळी माझ्याकडे येत असत.

पण त्याच्याही आधी दाराचं पॅड उतरव. आत पत्र्याला हात जाईल एवढी मोठी भोकं असतात आणि त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. मागची हवा त्या भोकांतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि खर्ज गायब होतो. खर्ज नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो, व्हॉल्यूम वाढवला म्हणून आवाज फाटतो. भोकं डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट थराने) नीट बंद कर, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लाव, पत्र्यावर बोट मारलं की डब्यासारखा वाजणार नाही इतकी शीट चिकटव. तळाशी पाणी निचरण्याची छिद्रं असतात, ती मात्र उघडीच ठेव, नाहीतर दार आतून गंजेल. काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही ना, तेही बघ. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर तिकडे बोट करू नकोस, ते बहुधा एअरबॅगचे असतात.

एवढं करून समाधान झालं नाही तर चार चॅनलचा वेगळा अँप (आवाजाला ताकद देणारा अँप्लिफायर) लाव. त्यावर सीटीए-२००६ या मानकाप्रमाणे मोजलेले वॅट लिहिलेत का बघ. या मानकात मोजणी १४.४ व्होल्टवर, ४ ओहमवर आणि १ टक्क्याहून जास्त विकृती न होऊ देता करावी लागते. 'मॅक्स', 'पीक', 'पीएमपीओ' हे फुगवलेल्या आकड्यांचे शब्द दिसले की पान उलटायचं.

तुमच्या मागच्या उत्तरात तुम्ही गाडीत अँप लावायला सांगितलंत. लावला. आता इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. मी तर अँप परत करायला निघालो आहे.

गाडी वळवा. अँपला काही झालेलं नसावं. इंजिनच्या गतीबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राची असते. तो तयार करतो ती एसी (दिशा बदलत वाहणारी वीज), डायोड तिची डीसी (एकाच दिशेची) करतात, आणि त्यात थोडी लहर उरते. ती लहर बॅटरीच्या वायरिंगमध्ये सगळीकडेच असते. ती कानापर्यंत पोचली म्हणजे तुमच्या अर्थिंगमध्ये तिला वाट मिळाली. स्टिरिओ डॅशबोर्डमध्ये एका ठिकाणी पत्र्याला जोडलेला, अँप डिकीत दुसऱ्या ठिकाणी, आणि मधल्या पत्र्यात किंचित व्होल्टेजचा फरक. तो फरक तुमच्या आरसीए केबलच्या (स्टिरिओचा आवाज अँपपर्यंत नेणाऱ्या) जाळीतून धावतो आणि अँप त्याला गाणं समजून मोठा करतो.

शोध असा घ्या. सगळं बंद करून अँपच्या आरसीए काढा आणि त्या जागी आतला पिन आणि बाहेरची कडी एकमेकांना जोडलेला मोकळा प्लग खोचा. इंजिन चालू करा. शिट्टी राहिली तर दोष अँपच्या अर्थिंगमध्ये किंवा पुढच्या स्पीकर वायरिंगमध्ये. गेली तर केबल किंवा स्टिरिओकडे बघायचं.

अर्थिंग करताना लोक हटकून सीटबेल्टचा किंवा रंगवलेल्या ब्रॅकेटचा बोल्ट पकडतात. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका, त्याचं काम वेगळं आहे. अँपच्या जवळची जाड पत्र्याची जागा निवडा, सँडपेपरने रंग खरवडून धातू चमकेपर्यंत घासा, तिथे वायरच्या टोकाला धातूची कडी (लग) लावून बोल्ट आवळा, वर गंज येऊ नये म्हणून रंगाचा हात मारा. अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत आणि बॅटरीच्या वायरइतकीच जाड. बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. आणि हो, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज आहे ना? तो अँपसाठी नसतो. वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. डिकीत अँपशेजारी लावलेला फ्यूज या कामाचा नाही.

एक खोड मात्र भल्याभल्यांना चकवते. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कडीला जाणारी रेषा सर्किट बोर्डावर केसाएवढी बारीक असते. यंत्र चालू असताना केबल ओढली-खोचली आणि त्या क्षणी अँपचं अर्थिंग ढिलं असलं, तर सगळा करंट या रेषेतून जायला बघतो आणि ती जळते. त्यानंतर कितीही अर्थिंग सुधारा, शिट्टी हटत नाही. ओळखायला सोपं आहे: वायरचा तुकडा घेऊन एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कडीला आणि दुसरं स्टिरिओच्या धातूच्या अंगाला टेकवा. शिट्टी गप्प झाली की रोग कळला. तो तुकडाच कायमचा जोडून टाकला तरी गाडी सुखाने चालते.

'ग्राउंड लूप आयसोलेटर' म्हणून छोटी डबी मिळते, ती मी सुचवणार नाही. तिच्या पोटात इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. ते शिट्टीबरोबर खालचा खर्जही अडवतात.

टीव्हीला साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडलाय. बारवर 'डॉल्बी ॲटमॉस' छापलंय, पण ॲटमॉसचा दिवा कधीच लागत नाही. शिवाय संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट मात्र घर हलवतात. माझ्या सासूबाई म्हणतात, जुना टीव्हीच बरा होता.

सासूबाईंचं म्हणणं संवादांपुरतं मान्य. त्याकडे येतेच, आधी दिवा. ॲटमॉस म्हणजे आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटावा अशी डॉल्बीची पद्धत.

ऑप्टिकलची वाट अरुंद आहे. तिच्यातून दोन चॅनलचा साधा डिजिटल आवाज जातो, किंवा दाबून भरलेला जुना ५.१ (सहा चॅनलचा) डॉल्बी डिजिटल. ॲटमॉस त्यातून जात नाही, कितीही भारी केबल आणली तरी. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या भोकांपैकी एकावर 'आर्क' किंवा 'ई-आर्क' अशी रोमन अक्षरं असतील, टीव्हीचा आवाज त्यातूनच बाहेर येतो. साउंडबारची एचडीएमआय केबल त्याच भोकात गेली पाहिजे, शेजारच्या नाही. आर्क २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ई-आर्क २०१७ च्या २.१ बरोबर. तुम्ही ॲपवरून मालिका-सिनेमे बघत असाल तर तिथला ॲटमॉस 'डॉल्बी डिजिटल प्लस' या हलक्या गाठोड्यात येतो. टीव्हीने अडवला नाही तर तो साध्या आर्कमधूनही जातो. ब्लू-रे डिस्कवरचा, काहीही न गमावता भरलेला ॲटमॉस मात्र ई-आर्कशिवाय टीव्हीतून पुढे सरकत नाही. नंतर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वरून (साध्या, न दाबलेल्या आवाजावरून) 'ऑटो' किंवा 'पासथ्रू'वर आणा आणि सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय) चालू करा. इथेच बहुतेकांचा दिवा अडलेला असतो. सिनेमाची भाषा बदलली की दिवा विझू शकतो, कारण प्रत्येक भाषेचा ध्वनिपट ॲटमॉसमध्ये असतोच असं नाही.

दिवा लागला म्हणून आवाज डोक्यावरून येईल असं समजू नका. बारमधले वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. छत सपाट आणि टणक हवं. उतरतं किंवा भोकाभोकांचं आवाज शोषणारं छत असेल तर ते स्पीकर शोभेचे. बार कपाटाच्या कप्प्यात सरकवला असेल तरी तेच.

आता संवाद. सिनेमाचा ध्वनिपट मोठ्या थिएटरसाठी बांधलेला असतो, त्यात कुजबूज आणि स्फोट यांतलं अंतर मुद्दाम राखलेलं असतं. घरी ते अंतर कमी करायचं. बारच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' चालू करा, मग सगळ्यांची झोपायची वेळ असो वा नसो. सेंटर चॅनलचा (संवाद बहुतेक ज्यातून येतात त्या मधल्या वाटेचा) आवाज दोन-तीन डेसिबल वर न्या. 'सराउंड' नावाचं कृत्रिम बटण बंद ठेवा, ते संवाद खोलीभर पसरवतं. आणि बार टीव्हीच्या टेबलावर मागे ढकलला असेल तर अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळलेला आवाज शब्दांची धार बोथट करतो. सासूबाईंना एवढ्यात फरक कळेल असं मला वाटतं.

सबवूफर आणला. सोफ्यावर बसलं की नुसती घुमघुम, स्वयंपाकघरात गेलं की छान ऐकू येतो. बिघडलाय का?

सबवूफर चांगला आहे, सोफ्याची जागा वाईट आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. खोली ४ मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये बरोब्बर मापात बसते आणि तिथेच मुक्काम ठोकते. भिंतीला टेकून बसलात तर तीच एक पट्टी कान भरून टाकते. खोलीच्या ऐन मध्यावर बसलात तर ती जवळजवळ गायब होते. सोफा भिंतीपासून थोडा पुढे घ्या. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खर्जाची ओळखीची धून चालू करा, आणि तुम्ही भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर वेगळा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. घरातले हसतील, हसू द्या. कोपऱ्यात ठेवलात तर आवाज सर्वांत मोठा येईल, आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट.

स्नेहपूर्वक नमस्कार. मी निवृत्त प्राध्यापक. माळ्यावरील रेकॉर्ड प्लेअर उतरवून नव्या अँप्लिफायरच्या 'ऑक्स'ला जोडला. आवाज अत्यंत क्षीण, पत्र्यासारखा. सुई बदलावी काय?

सर, नमस्कार. सुईकडे नंतर जाऊ. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात. तसं केलं नाही तर खर्जाच्या लाटा एवढ्या रुंद होतील की खाचा एकमेकींत शिरतील, आणि वरच्या सुरांवर खरखर चढेल. वाजवताना हेच उलटं करायचं असतं. त्याचं माप 'आरआयएए' वक्र म्हणून १९५४ पासून ठरलेलं आहे. खालच्या टोकाला सुमारे २० डेसिबल वाढ, वरच्या टोकाला तेवढीच घट. त्यात साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसते त्या छोट्या डबीतून) येतात अवघे ५ मिलिव्होल्टच्या आसपास. 'ऑक्स'ला काहीशे मिलिव्होल्टची सवय. म्हणून आपल्याला क्षीण आणि पत्र्यासारखा ऐकू येतो. मध्ये फोनो प्रीअँप हवा, तो वक्र उलटा करतो आणि आवाज वाढवतोही. अँप्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जोडी असेल तर तोच आत बसवलेला आहे, प्लग तिकडे हलवा. प्लेअरच्याच मागे 'फोनो/लाइन' असं बटण असेल तर दोन्हीकडे प्रीअँप लागणार नाही हे पाहा, नाहीतर आवाज फुटेल. प्लेअरची बारीक सुटी वायर अँप्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला जोडली की मागची घूं-घूं (हम) जाईल. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास धरतात. तिने आधी किती तास काढलेत याचा अंदाज नसेल तर आवडती रेकॉर्ड लावण्यापूर्वी ती बदलणंच बरं. रबराचा पट्टाही माळ्यावर सैल झाला असेल.

ऑक्सिजनमुक्त, चांदीचा मुलामा दिलेली स्पीकर केबल घेतली तर फरक पडेल?

दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे ०.०११५ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.११५ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. फरक पडणार नाही. वायर खरोखर तांब्याची आहे ना, एवढंच ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती नको.

ब्लूटूथवर गाडीत एलडॅक नाही म्हणून मी गाडीच बदलण्याचा विचार करतोय.

करू नका. एलडॅक, एसबीसी, एएसी या ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवायच्या पद्धती. एलडॅक फार तर सेकंदाला ९९० किलोबिट नेतो, साधा एसबीसी चांगल्या सेटिंगवर ३२८, आणि सीडीत असतात १४११. बंद, शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर हा फरक ऐकू येऊ शकतो. हमरस्त्यावर टायर आणि वारा मिळून तो गिळून टाकतात. तुमचा फोन आयफोन असेल तर तो एलडॅक बोलतच नाही, त्याची भाषा एएसी. वायर लावून कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो वापरा. वायरलेस जोडणीतही गाणं ब्लूटूथवरून नाही, वाय-फायवरून जातं. ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं.

डॅशकॅम 'पार्किंग मोड'मध्ये ठेवून चार दिवस गावाला गेलो. परत आलो तर गाडी सुरूच होईना. बॅटरी वर्षाचीच आहे.

हिशेब मांडा. कॅमेरा ०.३ अँपिअर खात असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास. ४५ ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. गाडीची बॅटरी इंजिन एकदा जोराने फिरवण्यासाठी बांधलेली असते, अशी सावकाश उपसायला नव्हे. शिवाय प्रत्येक वेळी निम्मी उतरली की तिचं आयुष्यही घटतं.

'हार्डवायर किट'मध्ये व्होल्टेज पडलं की कॅमेरा तोडणारा स्विच असतो. १२.६ च्या वर असलेली बॅटरी भरलेली, १२.२ ला साधारण निम्मी. तुमचा स्विच बहुधा १२.० वर आहे, तो १२.४ वर न्या. किटच्या तीन वायरी असतात: कायम वीज असणारी, चावी फिरवल्यावर येणारी, आणि अर्थ. पहिल्या दोन उलट लागल्या की कॅमेऱ्याला गाडी उभी आहे हे कळतच नाही. फ्यूज बॉक्समधून वीज घेताना एअरबॅग आणि ब्रेकचे फ्यूज सोडून द्या.

कॅमेरा काढूनही बॅटरी उतरत असेल तर दुसरा चोर शोधायचा. बॅटरीची ऋण वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात जोडा, दारं लावा, चावी गाडीपासून लांब ठेवा आणि अर्धा तास तरी थांबा. आधुनिक गाड्यांचे संगणक झोपायला वेळ घेतात. नंतर ५० मिलिअँपिअरच्या खाली आकडा असेल तर गाडी ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल ती वाट पकडा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आणि कॅमेरा बदलायचा झालाच तर लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. उन्हात तापलेल्या काचेमागे लिथियमची बॅटरी फुगते.